घरचा फोन की पोराचा टॅब?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की दुपारभर पोरं घरात आणि घरातला फोन पोरांच्या हातात. मग पाच ते नऊ वर्षांच्या मुलांचे आईवडील विचारतात, यूट्यूब किड्स बसवू की फॅमिली लिंक? पहिलं मुलांसाठीच्या व्हिडिओंचं ॲप, दुसरं मुलाच्या फोनवर आईवडिलांनी लगाम ठेवायचं. दोन्ही गूगलचीच, दोन्ही फुकट. पण निवडण्याआधी फोन कुणाचा आहे ते बघा.

पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तो आईचा नाहीतर आजीचा असतो. त्यातच फोनपे, बँकेचे मेसेज आणि बचत गटाचा ग्रुप. तिथे फॅमिली लिंकचा उपयोग नाही, कारण त्याला मुलाचं वेगळं खातं आणि त्याच्यासाठीच ठेवलेला अँड्रॉइड फोन किंवा टॅब लागतो. अशा घरी यूट्यूब किड्सच घ्या. वयाचा गट न निवडता व्हिडिओ आणि चॅनल स्वतः मंजूर करण्याचा पर्याय घ्या. त्यात शोधच बंद होतो. चॅनल निवडत बसावं लागतं खरं, पण शोध सुरू ठेवला तर घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड-उर्दू ऐकणारं आपलं पोर माइक दाबून कशातही मागतं, आणि गूगलची चाळणी सगळंच अडवत नाही. पालकांच्या सेटिंगला ॲप गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेल्या पोराला ते कुलूप कसलं! तिथे स्वतःचा पासकोड घाला. जाहिराती दिसतात, ते धरूनच चाला. फोन देताना सेटिंगमधलं ॲप पिनिंग, म्हणजे एकच ॲप समोर अडकवून ठेवायची सोय, लावा आणि बाहेर पडताना पिन मागायचा पर्यायही सुरू करा, म्हणजे पोर फोनपेत शिरत नाही.

मुलाला स्वतःचा टॅब दिला असेल तर मात्र फॅमिली लिंक हवंच. रोजची वेळ ठरते, रात्री टॅब बंद होतो, नवं ॲप तुम्ही हो म्हटल्याशिवाय येत नाही. पण गेममध्ये कोण काय बोलतंय, ते त्यात दिसत नाही.

आणि खरी अडचण तिथेच आहे. ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हे सहा वर्षांच्या पोराला पुरत नाही. त्याच्या डोक्यात अनोळखी म्हणजे दाढीवाला, भीतीदायक काका. गेममध्ये रोज नाणी देणारा ‘दादा’ त्याला ओळखीचाच वाटतो. म्हणून नेमकं विचारा: दादानं फोटो मागितला तर? शाळेचं नाव विचारलं तर? ‘आईला सांगू नको’ म्हणाला तर? उत्तरं खेळातच म्हणवून घ्या. दुसरं, नको ते दिसल्याचं मूल लपवतं, कारण सांगितलं की फोन जातो. ‘सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही,’ असा शब्द द्या, आणि तो पाळा. हे दोन्ही ॲपपैकी एकालाही जमत नाही.

मला विचाराल तर नऊ वर्षांपर्यंत घरचाच फोन बरा, तोही हॉलमध्ये, आवाज सुरू ठेवून, हेडफोन नको. फसवणुकीत पैसे गेले तर १९३०, मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८. हे दोन्ही नंबर आजीच्या फोनमध्येही सेव्ह करून ठेवा.