माला-एन गोळ्या: चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला, तेव्हा दुसऱ्या बाळाचा विचार आम्ही काही वर्षे पुढे ढकलला आणि मी माला-एन ही गर्भनिरोधक गोळी सुरू केली. त्याला आता चार वर्षे झाली. मी या गोळीवर पूर्ण समाधानी आहे. मात्र ती कशी घ्यायची हे मला कोणी नीट समजावले नसते तर हे समाधान मिळाले नसते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ पांढऱ्या गोळ्यांमध्ये ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल ही दोन संप्रेरके असतात, आणि उरलेल्या ७ गोळ्या लोहाच्या, ज्यांना आमच्याकडे बायका काळ्या गोळ्या म्हणतात. माला-एन शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते, माला-डी दुकानात अल्प किमतीला मिळते. आतील औषध तेच आहे. फुकटचे औषध हलके असणार, असे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी मला बजावले होते, पण तो समज निराधार आहे.

सुरुवातीला मी नागपूरच्या सीताबर्डीतील एका औषधाच्या दुकानात गेले होते. तेथे मला काहीही न विचारता एक पुडी वर्तमानपत्रात गुंडाळून देण्यात आली, आणि घरी येऊन पाहिले तर ती रोजची गोळी नसून संबंधानंतर ७२ तासांच्या आत एकदाच घ्यायची आपत्कालीन गोळी निघाली. त्यानंतर मी महानगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात गेले. तेथील सिस्टरांनी आधी माझा रक्तदाब मोजला आणि मग एकेक प्रश्न विचारला: डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेघा दिसून अर्धशिशी उठते का, पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली होती का, कावीळ किंवा यकृताचा आजार आहे का, स्तनात गाठ आहे का, बाळ अंगावर पिते का, विडी-सिगारेट ओढता का, क्षयाची किंवा फिटची औषधे चालू आहेत का. हे प्रश्न औपचारिक नाहीत. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा वय ३५च्या पुढे असून धूम्रपान चालू असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी रक्ताच्या गाठीचा आणि पक्षाघाताचा धोका वाढवते; क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे गोळीचा प्रभाव कमी होतो; आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत, ते अंगावर पीत असल्यास, ही गोळी घेऊ नये. माझ्या मते खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाण्याची सवय असल्यास तीही न लाजता सांगावी. एका पोटरीत अचानक दुखून सूज येणे, छातीत दुखणे, दम लागणे, पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्वरित रुग्णालयात जावे, हेही त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतले.

पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घेतली तर संरक्षण लगेच मिळते. त्यानंतर सुरू केल्यास पहिले सात दिवस निरोध वापरावा लागतो. पहिले दोन-तीन महिने मला मळमळ होई आणि मधेच डाग दिसत. रात्रीच्या जेवणानंतर गोळी घेऊ लागल्यावर मळमळ गेली, डागही आपोआप थांबले, आणि पूर्वी पाच दिवस चालणारा रक्तस्राव तीन दिवसांवर आला.

खरी परीक्षा नणंदेच्या लग्नात झाली. उमरेडला चार दिवस पाहुण्यांच्या गर्दीत सतराव्या आणि अठराव्या दिवसाची गोळी राहून गेली. एक गोळी चुकल्यास आठवताच ती घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, एवढे मला माहीत होते. दोन चुकल्यावर मात्र मी घाबरले आणि सिस्टरांना फोन केला. त्यांनी सांगितले की लगेच एक गोळी घ्या, रोजचा क्रम चालू ठेवा, सात दिवस निरोध वापरा, आणि पांढऱ्या गोळ्यांचा तिसरा आठवडा चालू असल्यामुळे पांढऱ्या संपल्या की काळ्या गाळून दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करा. पहिल्याच आठवड्यात दोन गोळ्या चुकल्या आणि मागील पाच दिवसांत संबंध आलेला असेल, तर आपत्कालीन गोळीबद्दल विचारावे लागते.

या सल्ल्यामागचे कारण समजल्यावर काळ्या गोळ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. संप्रेरकांविना सात दिवस गेले की बीजांडकोश पुन्हा जागा होऊ लागतो, आणि ही सुट्टी आणखी लांबली तर बीज सुटू शकते. अनेक जणी काळ्या गोळ्या फेकून देतात. त्याने संरक्षण जात नाही, पण दिवस मोजण्याची सवय तुटते आणि नवे पाकीट दोन-तीन दिवस उशिरा उघडले जाते, आणि तेच सर्वांत घातक आहे. वर्षभर एकही चूक न करता गोळी घेतल्यास शंभरांत एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. प्रत्यक्षात चुका होतात, म्हणून ती संख्या सुमारे सातपर्यंत जाते. लैंगिक संसर्गापासून मात्र ही गोळी वाचवत नाही, त्यासाठी निरोधच लागतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात गोळ्या स्कूटीच्या डिकीत किंवा ओट्याजवळ ठेवू नयेत. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातील सर्वांत कडक नऊ दिवसांत, मी पाकीट आतल्या खोलीच्या कपाटात ठेवते. गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी पांढरी गोळी घ्यावी लागते.

तक्रार एकच आहे. केंद्रात कधी कधी साठा संपलेला असतो, आणि ज्या बाईने नवे पाकीट त्याच दिवशी मिळेल या भरवशावर जुने संपवले तिची सुट्टी नकळत लांबते. मी शेवटच्या पांढऱ्या गोळ्यांच्या आठवड्यातच जाऊन, रक्तदाब मोजून घेऊन, पुढची दोन पाकिटे आणते. मागच्या दिवाळीत केंद्र बंद होते, तेव्हा कपाटातील न उघडलेले पाकीट वेळेवर कामी आले.