पँटन चेअर : आकार एक, प्लास्टिके चार

व्हर्नर पँटन या डॅनिश रचनाकाराची ‘पँटन चेअर’ व्हिट्रा ही स्विस कंपनी आज मुख्यतः दोन रूपांत विकते आणि जुन्या फर्निचरच्या बाजारात तिच्या आधीच्या पिढ्याही फिरत असतात. वरवर पाहता सगळ्या सारख्याच दिसतात : पाठ, बैठक आणि बूड यांची एकच सलग वळणदार रेषा, मागच्या पायांचा पत्ता नाही. गल्लत होते ती इथेच. आकार तर सगळ्यांचा जवळपास एकच आहे. खुर्ची घेताना पारखायचे असते ते तिचे प्लास्टिक.

पँटनच्या डोक्यात आकार आधी आला आणि त्याला पेलणारे द्रव्य मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. 1967 मध्ये खुर्ची बाजारात आली तेव्हा ती काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलिएस्टरची होती. तीत हातकाम इतके होते की मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी टणक पॉलियुरेथेन फोम आला. साच्यातून निघालेल्या प्रत्येक खुर्चीला पुट्टी भरणे, घासणे आणि रंगवणे हे सोपस्कार मात्र तरीही चुकले नाहीत. मग 1971 पासून लुरान-एस हे थर्मोप्लास्टिक (तापवल्यावर मऊ होणारे प्लास्टिक) इंजेक्शन मोल्डिंगने, म्हणजे वितळवून दाबाने साच्यात भरून, वापरले जाऊ लागले. रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असल्याने रंगकामाचा खर्च वाचला आणि खुर्ची स्वस्त झाली. पण काही वर्षांत ऊन-वाऱ्याने हे प्लास्टिक ठिसूळ होऊन खुर्च्या तुटू लागल्या आणि 1979 मध्ये उत्पादन थांबवावे लागले. 1983 मध्ये खुर्ची परतली ती पुन्हा फोमच्या रूपात. पॉलिप्रॉपिलीनची आवृत्ती 1999 मध्ये आली. पँटन त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

जुनी खुर्ची घ्यायची असेल, तर ती आधी उलटी करून पाहावी. लुरान-एसच्या खुर्चीत बैठकीकडून बुडाकडे जाणाऱ्या वळणाच्या आतल्या अंगाला उभ्या पट्ट्या दिसतात. मागे आधार नसल्यामुळे बसणाऱ्याचा सारा भार या वळणावर येतो आणि त्याला बळ देण्यासाठीच त्या पट्ट्या घातलेल्या आहेत. तिथे टॉर्च तिरपी धरून केसासारखी भेग दिसते का, हे बारकाईने पाहावे. भेग दिसली, तर विक्रेता ‘अस्सल सत्तरच्या दशकातली’ म्हणून कितीही कौतुक करो, ती खुर्ची शोभेची समजावी. तिच्यावर माणूस बसवू नये. भेग नसली, तरी रोजच्या जेवणाच्या टेबलाशी मी ती ठेवणार नाही.

व्हिट्राच्या आजच्या दोन रूपांपैकी ‘क्लासिक’ ही फोमची, चकचकीत रंग दिलेली आणि काही पटींनी महाग. तिची झळाळी खरोखर देखणी आहे. वळणावरून उजेड असा घरंगळतो की छायाचित्रकारांना या खुर्चीचा मोह का पडतो ते लगेच कळते. पण ती झळाळी वरच्या थराची आहे आणि त्या थराला टवका गेला की डोळ्यांत खुपतो. पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची मंद पोताची आहे. तिचा रंग आरपार एकच असल्याने ओरखडा चटकन नजरेत भरत नाही आणि बसताना ती किंचित लवते. हे लवणे मला तिचे सर्वांत मोठे सुख वाटते, कारण इतक्या कठीण दिसणाऱ्या वस्तूकडून त्याची अपेक्षाच नसते. दोन्हींत एक अडचण सारखीच आहे : समोरचे कवच थेट जमिनीपर्यंत उतरत असल्याने पाय मागे घेऊन खुर्चीखाली सरकवता येत नाहीत. तशी सवय असणाऱ्याने आधी सावकाश बसून पाहावे. सतत उन्हात ठेवल्यास रंग फिका पडतो, म्हणून गच्चीचा विचार सोडावा.

हाच आकार पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये किती सुंदर दिसला असता, असे मनात येते खरे. पण ॲक्रिलिक काचेसारखे स्वच्छ असले तरी ठिसूळ असते. दर बसण्या-उठण्याला वाकणाऱ्या वळणासाठी ते योग्य नाही. ॲक्रिलिकचा नेमका उपयोग फिनलंडच्या एरो आर्निओ यांनी 1968 च्या ‘बबल चेअर’मध्ये केला : तापवलेला पत्रा फुगवून केलेला गोल, त्याच्या कडेला पोलादी कडे आणि सगळा डोलारा छताला टांगलेला. ती बघायला अप्रतिम आहे, पण तिच्यासाठी भक्कम छत हवे आणि ओरखडे सांभाळण्याची चिकाटी हवी.

रोज वापरायची असेल, तर माझी पसंती निःसंशय पॉलिप्रॉपिलीनला. क्लासिक त्यानेच घ्यावी, ज्याच्याकडे ती ठेवायला एक मोकळा, भरपूर उजेडाचा कोपरा आहे आणि घरात खेळणी फेकणारे कोणी नाही.