छोट्या ट्रॅक्टरवरचे वर्क लाइट : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वाफसा कुणासाठी थांबत नाही. पाऊस उघडल्यावर माती मुठीत धरली की फुटते, चिकटत नाही, अशी अवस्था दोन-तीन दिवसच टिकते आणि तेवढ्यात दिवसाचे तास पुरत नाहीत. म्हणून रात्री रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणारं अवजार) चालवणं आलं, आणि रात्र आली की लाइट आलेच. माझा ट्रॅक्टर छोटा, 24 एचपीचा. कंपनीच्या हेडलाइटवर समोरचा बांध दिसतो, पण मान मागे वळवली की काळोख. रोटाव्हेटर किती खोल चाललाय, मागच्या तासाला, म्हणजे आधीच्या फेरीच्या पट्ट्याला, लागून चाललाय की मधे पट्टा सुटतोय, पात्यांत मुळं गुंतली का, यातलं काहीच कळत नाही. आठ महिन्यांत मी साठेक रात्री लाइटवर काम केलं. एवढ्या काळात जे बसवलं, काढलं आणि परत बसवलं, ते सविस्तर लिहितो.

सुरुवातीला दोन मोठे एलईडी घेतले आणि रोल बारच्या (सीटजवळच्या लोखंडी कमानीच्या) अगदी वर, डोक्याच्या उंचीवर, मागे तोंड करून लावले. सगळेच तिथे लावतात, जागा सोपी असते. अंगणात उभं राहून लावून बघितले तेव्हा उजेड भरपूर वाटला. शेतात पहिल्या दहा मिनिटांतच अडचण समोर आली. रोटाव्हेटरचा धुरळा वर येतो आणि लाइट नेमका डोळ्याच्या रेषेत असतो. त्यामुळे उजेड धुरळ्यावर आपटून थेट डोळ्यांत परत येतो. मागे पांढरी भिंत उभी राहिल्यासारखं होतं. धुक्यात गाडीचा हाय बीम लावल्यावर जे होतं, अगदी तेच.

दुसरी अडचण कळायला मला दोन आठवडे लागले. ज्या दिशेने आपण बघतो त्याच दिशेने उजेड पडत असेल तर सावल्या आपल्याला दिसत नाहीत. ढेकळाची सावली ढेकळाच्या मागे लपते. मग सगळी जमीन सपाट, एकसारखी दिसते. ढेकूळ कुठलं, खड्डा कुठला, चाललेला भाग कुठे संपतो आणि न चाललेला कुठे सुरू होतो, ते ओळखूच येत नाही. सकाळी जाऊन बघितलं तर मधे वीतभर रुंदीचे तीन-चार पट्टे तसेच राहिलेले. रात्री मला तिथे सगळं नांगरलेलं दिसत होतं.

त्यानंतर लाइट खाली आणले. दोन्ही मडगार्डच्या बाहेरच्या कडेला, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, एकेक. आणि आडवे लावले: डावीकडचा लाइट रोटाव्हेटरच्या उजव्या अर्ध्या भागावर, उजवीकडचा डाव्या भागावर. आता उजेड तिरका पडतो. प्रत्येक ढेकळाला छोटी सावली असते, तासाची कड रेघ ओढल्यासारखी दिसते, आणि धुरळा चमकला तरी तो नजरेच्या खाली राहतो. लाइट तेच, वॅट तेवढेच, फक्त जागा बदलली. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा नंतरच्या कुठल्याच खरेदीने पडला नाही. म्हणून लाइट पक्के करण्याआधी एक रात्र ते दोरीने किंवा चुंबकाच्या बेसवर तात्पुरते बांधून प्रत्यक्ष कामात बघा, मगच भोकं पाडा. अवजार जोडून, ते पूर्ण वर उचलून आणि पूर्ण खाली सोडून, दोन्ही वेळा बघा. वर उचललेल्या रोटाव्हेटरचं टोक माझ्या एका लाइटला टेकायला दोन बोटंच उरली होती.

मडगार्डचा पत्रा पातळ असतो, तिथे नुसता बोल्ट मारून चालत नाही. माझा पत्रा महिनाभरात भोकाजवळ तडकायला लागला, आणि लाइट थरथरायचा तो वेगळाच. अशा थरथरत्या उजेडात तासभर बघितलं की डोळे दुखतात. आतून तळहाताएवढी 5 मिमीची पट्टी दिली, मधे रबर घातलं, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहसा ढिले न होणारे) वापरले. त्यानंतर तो भाग हललेला नाही. रोल बारला मात्र भोक पाडू नका, वेल्डिंगही करू नका. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवायला तो आहे, कंपन्यांच्या पुस्तिकेतही तसं बजावलेलं असतं. पाइपला बसणारे क्लॅम्प मिळतात, आत रबराची पट्टी घालून आवळले की काम भागतं.

आता निवडीबद्दल. खोक्यावरच्या आकड्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. पहिल्या लाइटच्या खोक्यावर 72 वॅट लिहिलं होतं. मल्टीमीटर 10 ॲम्पियरच्या सॉकेटला लावून एका लाइटच्या वायरीत जोडला, तर 13.8 व्होल्टला 1.9 ॲम्पियर. म्हणजे 26 वॅट. आत जेवढे चिप आहेत त्यांची कमाल क्षमता बेरीज करून छापायची, अशी ही पद्धत. ल्युमेनचंही (उजेडाच्या मापाचंही) तसंच. चिपमधून निघणारा उजेड वेगळा, काचेतून बाहेर येणारा वेगळा, आणि लाइट तापल्यावर उरणारा त्याहून वेगळा. मागचे अल्युमिनियमचे पंख चिखलाने भरले की उष्णता बाहेर जात नाही आणि उजेड कमी होतो, म्हणून मी कापड मारताना काचेइतकेच ते पंखही साफ करतो. दुसऱ्यांदा घेतलेले लाइट 18 वॅटचे आहेत, मीटरवरही जवळपास तेवढेच भरतात, आणि मला पुरतात.

बीम फ्लडच, म्हणजे रुंद पसरणारा, घ्या. स्पॉट लांब फेकतो, पण रोटाव्हेटर दोन मीटरवर आहे, त्याला लांबचा उजेड काय करायचा? स्पॉटचा मधला झगझगीत गोळा बघून नजर बाजूला नेली की बाजूचं काही दिसत नाही. पुढे जोडी लावायची तर तिथे कॉम्बो (फ्लड आणि स्पॉट एकत्र) चालेल, शेवटी वळायला बांध लांबून दिसावा लागतो. रंगाचं सांगायचं तर 6000-6500 केल्व्हिनचा निळसर उजेड मला धुरळ्यात टोचतो. 4500 च्या आसपासचा सौम्य वाटतो, आणि मातीचा रंग ओळखू येतो, ओली कुठे आणि कोरडी कुठे ते.

लाइटवर आयपी नावाचा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा असतो. आयपी 67 म्हणजे पाण्यात बुडवला तरी ठरावीक वेळ पाणी आत जात नाही. पण प्रेशरचं पाणी ही निराळी गोष्ट आहे, त्यासाठी आयपी 69के लागतं. मी एकदा ट्रॅक्टर धुताना नोझल जवळून मारला आणि दुसऱ्या दिवशी एका काचेच्या आत दव धरलेलं. ते उन्हात गेलं, परत आलं. तो लाइट अजून चालतो, पण उजेड मंद झालाय.

वायरिंगवर थोडं थांबतो, कारण बहुतेकांचे लाइट इथेच मरतात. आधी ट्रॅक्टरवर दोन 55 वॅटचे हॅलोजन होते. दोघांचे मिळून नऊ ॲम्पियर, आणि वायर बारीक, 0.75 स्क्वेअर मिमीची. जाऊन-येऊन दहा मीटर. एवढ्यावर दोन व्होल्ट वायरीतच मरतात. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण तीस टक्के कमी होतो, म्हणून ते नेहमी पिवळे दिसायचे आणि मी बल्ब बदलत बसायचो. आता 2.5 स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर आहे, आणि मास (करंटची परतीची बाजू) पत्र्यावर न सोडता वेगळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली आहे. एलईडीच्या आतलं ड्रायव्हर सर्किट व्होल्टेज कमी मिळालं तर जास्त करंट ओढतं, म्हणून उजेड लगेच कमी होत नाही आणि वायर तापतेय हे लक्षात येत नाही. बारीक वायर एलईडीलाही नको, ती यासाठी.

रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावाच. त्याच्या पिनांवर आकडे असतात: 30 ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी वायर, 87 वरून लाइटकडे, 86 ला स्विच, 85 ला मास. स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा थोडासा करंट जातो, त्यामुळे तो वितळत नाही. पाच पिनच्या रिलेवर मधे 87ए असतं. तिथे चुकून जोडलं तर स्विच बंद असताना लाइट चालू आणि चालू केल्यावर बंद होतात. असं झालं तर रिले खराब समजू नका, पिन बघा. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर हवा, लाइटजवळ नव्हे. तो वायर वाचवायला असतो, आणि फ्यूजच्या आधीची वायर कुठे घासली तर तिला कुणी वाचवत नाही.

याचा प्रत्यय मला रोल बारच्या बिजागरीत आला. आमचा रोल बार घडी होणारा आहे, झाडाखालून जाताना आणि शेडमध्ये लावताना आडवा करावा लागतो. एक जास्तीचा लाइट मी वर ठेवला होता, आणि त्याची वायर पाइपला केबल टायने अगदी चिकटवून, बिजागरीवरून सरळ नेली होती. दिसायला नीटनेटकी. चौथ्या-पाचव्या घडीला वायर दोन पट्ट्यांच्या मधे सापडली, कव्हर कापलं, उघडं तांबं लोखंडाला टेकलं. फट्‌ असा आवाज आला आणि 10 ॲम्पियरचा फ्यूज उडाला. बस, एवढंच. फ्यूज वर लाइटपाशी असता तर बॅटरीपासून बिजागरीपर्यंतची सगळी वायर लाल झाली असती, आणि ती डिझेलच्या टाकीशेजारून जाते. आता बिजागरीच्या बाहेरून वीतभर ढिला वळसा सोडलाय, नालीदार पाइपमध्ये, वर एक टाय आणि खाली एक टाय. मधे काही नाही.

चार्जिंगचा हिशेब छोट्या ट्रॅक्टरवर करावाच लागतो. माझा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) 20 ॲम्पियरचा, तेही पूर्ण आरपीएमला. चार लाइट 18 वॅटचे म्हणजे सव्वापाच ॲम्पियर, सोबत हेडलाइट. जमतं. जुन्या हॅलोजनची अजून एक जोडी वाढवली असती तर बॅटरी रोज थोडी थोडी खाली जात राहिली असती.

आता सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. सुरुवातीला सगळे लाइट किल्लीवर घेतले होते, विसरलो तरी बॅटरी उतरू नये म्हणून. पण पात्यांत वेल गुंतला की इंजिन बंद करून, पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा शाफ्ट) सोडून, मगच हात घालायचा असतो. इंजिन बंद केलं की लाइट बंद, आणि पुढ्यात गच्च काळोख. एका रात्री माझा धाकटा भाऊ इंजिन चालू ठेवूनच मागे वाकलेला मी बघितला. मी ओरडलो, तर म्हणाला, "दादा, दिसत नाही ना बंद केल्यावर." दुसऱ्याच दिवशी मागचा एक लाइट वेगळ्या फ्यूजवर थेट बॅटरीला घेतला, त्याचा स्विच मडगार्डच्या मागच्या बाजूला, उभं राहून हाताला येईल असा. एकटा लाइट दीड ॲम्पियरच्या आत खातो, अर्ध्या तासाने बॅटरीला काही होत नाही. तुमचं वायरिंग कसंही असो, इंजिन बंद असताना अवजारावर पडणारा एक तरी लाइट ठेवा.

रस्त्यावर निघताना मागचे लाइट बंद करायचे. मागून येणाऱ्याला पांढरा झोत दिसला तर त्याला वाटतं समोरून कोणी येतंय, आणि तो आंधळा होतो तो वेगळा. यासाठी मागच्यांचा स्विच पुढच्यांपासून वेगळा आणि त्यावर लाल इंडिकेटर ठेवलाय.

सध्या मागे दोन, पुढे दोन. वरचा काढून टाकला, त्याचा क्लॅम्प तसाच आहे. महिन्यातून एकदा चारही नट पान्याने तपासतो आणि कनेक्टर उघडून ग्रीस बघतो. परवा डावीकडचा अर्धा आटा ढिला सापडला.