प्लग वाचावा की तापमापक बसवावा?

गोव्यातील बेतूलच्या एका होडीमालकांना प्रश्न पडला आहे की, भर वेगात तापणाऱ्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाचे पेट्रोल-हवेचे मिश्रण तपासण्यासाठी स्पार्क प्लग पाहणे पुरेसे आहे, की एक्झॉस्टचे तापमान दाखवणारा मापक बसवावा.

खर्चात प्लग सरळ स्वस्त पडतो.

अचूकतेचा मुद्दा मात्र गुंतागुंतीचा आहे. साळ नदीच्या मुखावरील वाळूच्या पट्ट्यापासून दूर, मोकळ्या पाण्यात भर वेगात चालवून, थ्रॉटल कमी न करता इंजिन बंद केले, तरच प्लगचा रंग खरा मानावा. जेटीपर्यंत हळू आणून काढलेला प्लग फक्त मंद गतीचे मिश्रण दाखवतो. फिकट तपकिरी रंग ठीक, पांढराफटक रंग पेट्रोल कमी पडत असल्याचे लक्षण, आणि प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर चमकदार कण दिसले, तर पिस्टनचे ॲल्युमिनियम उडू लागले आहे. शिवाय एकाच सिलिंडरचा जेट (कार्ब्युरेटरमधील पेट्रोलचे बारीक छिद्र) तुंबला असेल, तर प्लग तो दोष नेमका दाखवतो, एक्झॉस्टच्या सामाईक मार्गातील एकच मापक तो झाकतो.

मापक चालत्या इंजिनातच इशारा देतो. पण प्रज्वलन उशिरा होत असले तरीही आकडा चढतो, आणि मिश्रण फारच विरळ झाले, म्हणजे पेट्रोल फारच कमी पडले, की तो उलट उतरतो, म्हणून कमी आकडा म्हणजे सुरक्षितता नव्हे. थंड करणारे पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळल्यानंतरच्या भागात संवेदक बसवला, तर तो निरुपयोगीच.

रोजच्या मासेमारीसाठी प्लग पुरेसा आहे. जेट वारंवार बदलणाऱ्याने प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र मापक लावावा.