नागपूरच्या बेसातला भाड्याचा फ्लॅट अन् ब्रोकरची सर्व्हिस : ५ पैकी ३ स्टार

लग्न न झालेल्या जोडप्याले नागपुरात फ्लॅट पाहिजे असेल त्यांच्यासाठी लिहून राहिली. ब्रोकरचं नाव नाही टाकत, माणूस वाईट नाही.

आधी आम्ही दोघं वेगवेगळ्या पीजीत, माझे ७,५०० जायचे अन् त्याचे ६,५००, ऑफिस दोघांचंही मिहानमध्ये. बेसात १ बीएचके १०,००० मध्ये मिळून राहिला तर हिशोब कळतोच ना. मग लग्नच करा, असं म्हणणारे म्हणतीलच, पण त्याच्या बहिणीच्या लग्नाचं लोन अजून फिटलं नाही, हॉल-कॅटरर-मानपान हे परत कोण उभं करणार? टीममधली झारखंडची पोरगी सांगते, तिकडे आदिवासी गावात गावजेवणाले पैसे नसतात म्हणून जोडपी वर्षानुवर्षं लग्नाविनाच संसार करतात, ढुकू म्हणतात त्याले. म्हटलं आपणबी ढुकूच झालो बाप्पा, फक्त वायफायवाले.

ब्रोकरचा पहिलाच प्रश्न, "फॅमिली का बॅचलर?" खरं सांगितलं तर दोन मिनिट गप्प, मग म्हणे होऊन जाईल पण ब्रोकरेज दीड महिन्याचं. काहून? सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच नटी खुशबूच्या केसमध्ये सांगितलं की दोन सज्ञान माणसं सोबत राहिली तर गुन्हा नाही, २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातबी लग्नासारख्या नात्यातल्या बाईले संरक्षण आहे, हे सगळं मी त्याले फोनवर ऐकवलं. तर म्हणे, "मॅडम, फ्लॅट कोर्ट नाही देत, काकू देतात."

अन् काकूंनी, म्हणजे घरमालकिणीनं, खरंच काही विचारलं नाही, दोन सॅलरी स्लिप चष्मा लावून पाहिल्या, बस. आधीचा भाडेकरू बायकोपोरांसकट होता, तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेला म्हणे.

अ‍ॅग्रीमेंट मात्र एक नंबर. ११ महिन्यांचं, दोघांच्या नावावर, ऑनलाइन रजिस्टर, माणूस मशीन घेऊन घरी आला. काकूंचा अंगठाच उठेना, भांडी घासून ठसा गेला म्हणे, पदराले पुसून पुसून पाचव्या वेळी लागला.

दोन स्टार कापले कारण आम्हाले न विचारता ब्रोकरने काकूंना सांगून ठेवलं, "दिवाळीनंतर लग्न आहे यांचं." दिवाळी झाली. काकू रोज जिन्यात पत्रिका मागून राहिल्या अन् हा दादा फोन उचलत नाही.