ट्रॅकरच्या एमटूएम सिमची सर्विस, सहा महिने वापरून
राजेहो, आमच्या नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवर 40 गाड्या हायेत, सगळ्यांत ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते सांगणारा डबा, आणि त्यातले एमटूएम सिम, म्हणजे माणसाऐवजी मशीनसाठी असलेले सिम, या सर्विसवाल्याकडून घेतले. याचं पोर्टल खरंच कामाचं आहे. कारण 2018 पासून असल्या मशीनच्या सिमला 13 आकडी नंबर देतात, तो कोणाच्या लक्षात राहते, आणि सिम बदललं की तोही बदलते. आयएमईआय हा ओळख नंबर मात्र सिमचा नाही, डब्याचा असतो, 15 आकडी, त्यातले पहिले 8 मॉडेल सांगतात, म्हणून एकाच मॉडेलचे 40 ट्रॅकर घेतले तर सुरुवात सारखीच दिसते आन माणूस चुकतो. इथे सिम, आयएमईआय आणि गाडी नंबर एकाच ओळीत दिसते, कोणी सिम काढून दुसऱ्या डब्यात टाकलं की लगेच मेसेज येते. कळमन्याला संत्री भरायला गेलेल्या गाडीचं असंच सापडलं, फार बरं वाटलं.

एकच तक्रार, सुरुवातीला एक्सेलमधून सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) करून पाठवलेल्या यादीत आयएमईआयचे शेवटचे आकडे शून्य होऊन आले होते, दोन दिवस बसून सगळे डब्यावरून वाचून भरले. यादी घेताना आयएमईआयचा कॉलम टेक्स्टमध्येच मागा. सपोर्टवाला पोरगा मराठीत नीट बोलते. चार स्टार.