स्प्लंक फुकट मिळतं, पण डिस्कची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला

उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं ऑफिस असो की निपाणीकडची पतसंस्था, फायरवॉल, सर्व्हर आणि हजेरी मशीनचे लॉग (यंत्रात आपोआप होणाऱ्या घडामोडींच्या नोंदी) एका जागी शोधायला स्प्लंक एंटरप्राइझ हे सॉफ्टवेअर फार चांगलं आहे. फुकट लायसन्सवर दिवसाला ५०० एमबी लॉग घेता येतात. सर्च पेड आवृत्तीसारखाच ताकदीचा. लॉगिन-पासवर्ड मात्र नाही, म्हणून स्प्लंकचं वेब पान जिथून उघडतं ते पोर्ट ८००० सगळ्या ऑफिसला उघडा ठेवू नका.

अडचण डिस्कची. मूळ सेटिंग मोठ्या सर्व्हरच्या मापाची आहेत: प्रत्येक इंडेक्सला (लॉग साठवायच्या कप्प्याला) ५,००,००० एमबी आणि जवळपास ६ वर्षं. छोट्या ऑफिसात असते २५६ जीबीची एसएसडी. मर्यादा गाठायच्या कितीतरी आधी डिस्क भरते, आणि मोकळी जागा ५,००० एमबीखाली गेली की नवे लॉग घेणंही थांबतं, सर्चही थांबतो. जुना डेटा आपोआप जाईल अशी आशा धरून बसू नका. मर्यादाच गाठली नसेल तर तो काढणार कोण?

हिशेब सोपा आहे. कच्चा लॉग डिस्कवर साधारण निम्मा बसतो: दाबलेली मूळ प्रत सुमारे १५ टक्के, शोधासाठीच्या फाइली ३५ टक्के. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे. रोजच्या ५०० एमबीचे डिस्कवर २५० एमबी धरले तर ४५,००० एमबी. एकच इंडेक्स असेल तर त्याची मर्यादा ६०,००० ठेवा, अगदी घासून नको. आकार आणि मुदत यांतलं जे आधी भरेल ते लागू होतं. आकार आधी भरला तर १८० दिवसांच्या आतलेच लॉग उडतात. मुदत सेकंदांत लिहायची: १,५५,५२,०००. हे सगळं 'इंडेक्सेस डॉट कॉन्फ' फाइलमध्ये, पण 'लोकल' फोल्डरातल्या. 'डीफॉल्ट'मधली फाइल बदललीत तर पुढच्या अपग्रेडला सगळं पुसलं जाईल. बदलानंतर रिस्टार्ट द्या.

मुदत संपली तरी जागा लगेच सुटत नाही, याने बरेच जण गोंधळतात. स्प्लंक एकेक नोंद काढत नाही, अख्खी बकेट (नोंदींचा गठ्ठा) काढतं, आणि तीही तिच्यातली सर्वांत नवी नोंद जुनी झाल्यावरच. एका हॉट बकेटमध्ये (जिच्यात नवे लॉग लिहिणं चालू असतं) ९० दिवसांपर्यंतच्या नोंदी मावू शकतात. त्यामुळे थोडे लॉग येणाऱ्या इंडेक्सात जुना डेटा मुदतीपुढे रेंगाळतो. कुठली बकेट किती जागा खाते ते 'डीबीइन्स्पेक्ट' कमांडने दिसतं.

एसएसडीवर ताजा आणि हार्ड डिस्कवर जुना डेटा अशी विभागणी करणार असाल तर आणखी एक खाच आहे. वॉर्म बकेट (जिच्यात लिहिणं संपलंय) ३०० झाल्यावरच जुनी कोल्डकडे, म्हणजे जुन्या डेटाच्या जागेकडे सरकते, आणि एक बकेट ७५० एमबीपर्यंत वाढते. म्हणजे सव्वादोनशे जीबी एसएसडीवरच! तिथे होम पाथची (हॉट आणि वॉर्म बकेटच्या जागेची) कमाल मर्यादा वेगळी घालावीच लागते.

मुदत संपलेला डेटा मुळात सरळ पुसला जातो. जपायचा असेल तर फ्रोझन फोल्डर (मुदत संपलेल्या बकेट ठेवायची जागा) द्या, पण तो फोल्डर स्प्लंक पुढे साफ करत नाही. ती जबाबदारी तुमची.

आणि जागा करायला सर्चमधली 'डिलीट' कमांड वापरू नका. नोंदी सर्चमध्ये दिसेनाशा होतात, डिस्कवर तशाच राहतात. इंडेक्स पूर्ण रिकामा करायचाच असेल तर स्प्लंक बंद करून 'क्लीन इव्हेंटडेटा' चालवा, आणि इंडेक्सचं नाव न विसरता द्या. नाव राहिलं तर सगळ्याच इंडेक्सांचा डेटा जाईल.